कोल्हापुरात इथल्या मातीतलं जेवण खरोखर कुठं मिळतं आणि ते ओळखायचं कसं?

प्रश्न असा आहे: ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून सहा पाहुणे कोल्हापूरला येणार आहेत, त्यातले दोघे शाकाहारी. शहरात अलीकडे 'लोकल', 'ऑरगॅनिक', 'शेतातून थेट ताटात' अशा पाट्या बऱ्याच हॉटेलांवर दिसतात आणि तिथले दरही चढे असतात. यातलं खरं किती, ओळखायचं कसं, आणि जास्तीचे पैसे मोजावेत का?

मी गेली २२ वर्षं राजारामपुरीत खानावळ चालवते. त्याआधी ५ वर्षं एका मोठ्या हॉटेलात खरेदीचं काम केलं. पहाटे मार्केट यार्डात उभं राहून माल घ्यायचा, चलन तपासायचं, सही करायची, टेम्पोत भरून द्यायचं. त्यामुळे पुढच्या दारावर काय लिहिलं जातं आणि मागच्या दाराने पोत्यातून काय आत येतं, हे दोन्ही मी जवळून पाहिलं आहे.

हॉटेलांची नावं देणार नाही, त्याचं कारण आधीच सांगते. आचारी बदलला किंवा मालकाच्या मुलाने कारभार हातात घेतला की दोन-तीन महिन्यांत खरेदी बदलते. नाव तेच राहतं. मी आज एक नाव सांगावं आणि तुम्ही जाल तेव्हा तिथं दुसरंच काही शिजत असावं, हे मला नको. त्यापेक्षा कुठल्याही हॉटेलात बसल्यावर पाच मिनिटांत अंदाज कसा घ्यायचा ते सांगते.

बसलात की वाढप्याला पहिला प्रश्न विचारा, "आज काय नाही?"

आसपासच्या शेतीवर चालणाऱ्या स्वयंपाकघरात रोज काही ना काही संपलेलं असतं, नाहीतर आलेलंच नसतं. पावट्याच्या शेंगा थंडीतच मिळतात. हरभऱ्याचा पाला महिना-दीड महिना येतो आणि मग वर्षभर दिसत नाही. नदीकाठची वांगी पुराच्या दिवसांत येत नाहीत. "सगळं आहे साहेब, काय आणू?" असं उत्तर बाराही महिने मिळत असेल, तर तो माल लांबच्या बाजारातून आणि शीतगृहातून येतो. त्यात गुन्हा काही नाही, जेवण चविष्टही असेल. फक्त त्या पाटीचे वेगळे पैसे देऊ नका.

दुसरा प्रश्न, "कुठल्या गावचं?" वांगी कुठल्या गावची, तांदूळ कुठल्या गावचा. वाढप्याला माहीत नसेल तर चालेल, तो आत जाऊन विचारून येईल. ज्याने स्वतः माल उतरवून घेतला आहे तो उत्तर देताना अडखळत नाही. शिरोळची, गारगोटीकडची, पन्हाळ्याच्या पायथ्याची, असं पटकन सांगतो, वर चार वाक्यं जास्तीची बोलतो. "आमच्या स्वतःच्या फार्मवरनं" असं म्हटलं तर फार्म कुठल्या गावात आहे ते विचारा. इथं गाव नसलेलं शेत नाही.

हे दोन प्रश्न मला शिकवले ते त्या मोठ्या हॉटेलातल्या नोकरीने. तिथं एका हंगामात मेनूकार्डावर 'ऑरगॅनिक सॅलड' छापून आलं. त्यातल्या काकड्या, गाजरं, टोमॅटो मी नेहमीच्याच अडत्याकडून घेत होते. एकाच क्रेटमधला निम्मा माल ऑरगॅनिक सॅलडला जायचा आणि निम्मा साध्या कोशिंबिरीला. मी वरती बोलले, तेव्हा "गिऱ्हाईक काय तपासायला येतंय का?" असं ऐकून घ्यावं लागलं. त्या चलनांवर माझी सही असायची. पुढच्या वर्षी मी ती नोकरी सोडली.

सेंद्रिय या शब्दाबद्दल एवढं लक्षात ठेवा. पाकिटावर सेंद्रिय लिहून विकायचं असेल तर प्रमाणपत्र लागतं, त्रयस्थ संस्थेचं किंवा शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांची तपासणी करून दिलेलं, आणि अशा मालावर 'जैविक भारत'सारखं अधिकृत चिन्ह असतं. थेट गिऱ्हाइकाला विकणाऱ्या लहान शेतकऱ्याला यातून सूट आहे. म्हणून भुदरगडातल्या एखाद्या काकूंकडे कागद नसला तरी त्यांचा माल चांगला असू शकतो. पण हॉटेलवाला त्यांच्या नावावर ऑरगॅनिकचा दर लावत असेल, तर त्याला त्यांचं गाव तरी सांगता आलंच पाहिजे.

आता तांदळाची गोष्ट, कारण तिथं चूक माझीच झाली.

आजरा घनसाळला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि शहरातल्या बऱ्याच हॉटेलांना तो हवाहवासा झाला. मलाही झाला. आजरा तालुक्यातल्या एका कुटुंबाकडून सुगीनंतर तीन क्विंटल घेतला, दारातल्या फळ्यावर खडूने 'आजरा घनसाळ भात' लिहिलं, आणि लोक खरंच त्यासाठी यायला लागले. जुलै उजाडला तसा तांदूळ संपला. फळा पुसायचं जिवावर आलं. एका व्यापाऱ्याने त्याच नावाची पोती दिली. पोतं फोडलं तर वासाचा असा लोट आला की मला बरंच वाटलं.

चार-पाच दिवसांनी आजऱ्याकडचे एक आजोबा जेवायला आले. बायकोला सीपीआर या सरकारी दवाखान्यात दाखवायला आणलं होतं. त्यांनी आमटी बाजूला सारली, भाताची चार शितं चिमटीत धरली, नाकाशी नेली आणि मला हाक मारली. "पोरी, तांदूळ वाईट न्हाई, पर घनसाळ न्हवं ह्यो."

मी आत गेले, पातेल्यावरचं झाकण काढलं. वाफेला काहीही वास नव्हता. खरा घनसाळ कच्चा असताना गप्प असतो आणि उकळी फुटली की बोळापर्यंत कळतं. हा पोत्यात घमघमत होता आणि शिजल्यावर मुका. तेवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती. आजोबांचे पैसे घेतले नाहीत, फळा पुसला. त्या व्यापाऱ्याने पोती परत घेतली नाहीत, तो तांदूळ आम्ही घरी आणि कामगारांच्या जेवणात संपवला. तेव्हापासून घनसाळ संपला की फळ्यावर तसंच लिहितो: 'घनसाळ संपला, आज इंद्रायणी.' ते वाचून उठून गेलेलं गिऱ्हाईक मला तरी आठवत नाही.

म्हणून ऑगस्टमध्ये कुणी घनसाळ देत असेल तर खुशाल घ्या, कारण साठा राखून ठेवणारेही आहेत. मात्र भात गरम असतानाच वास घ्या. आणि त्याचा दर जास्त असतो तो योग्यच आहे. पीक उशिरा निघतं, एकरी उतारा कमी पडतो. शेतकऱ्याला त्यात परवडलं नाही तर तो ऊस लावणार, आणि आपल्या जिल्ह्यात ऊस लावायला कुणाला आग्रह करावा लागत नाही. घनसाळ, काळा जिरगा, जोंधळा जिरगा या जाती शेतात टिकायच्या असतील तर त्या ताटात यायला हव्यात.

मटणाकडे येते. बाहेरचे लोक तांबडा-पांढरा म्हणजे चैनीचं जेवण समजतात. मला तो आमच्या बायकांचा हिशेब वाटतो. मटण शिजवलेलं पाणी म्हणजे अळणी. त्याच अळणीत नारळाचं दूध गेलं की पांढरा, चटणी आणि भाजलेलं खोबरं गेलं की तांबडा. किलोभर मटणात दहा माणसांचं घर दोन रश्शांवर पोटभर जेवतं, तुकडा वाट्याला एखादाच आला तरी. मांस कमी आणि रस्सा भरपूर ही रीत आजच्या भाषेत सांगायची तर फार शहाणी आहे.

म्हणून हॉटेलची पारख करताना मी मटण फ्रायपेक्षा रक्ती, मुंडी, वजडी, पाय यांची चौकशी करते. हे पदार्थ ठरावीक वारी किंवा सकाळच्या वेळेलाच मिळत असतील, तर तिथं अख्खं बकरं येतं आणि त्याचं सगळं वापरलं जातं. रोज शंभर प्लेट बोनलेस निघत असेल, तर तो माल नुसता कापलेला, कुठून आला ते न सांगता येणारा असतो.

आपल्याकडे बकरं म्हणतात ते बऱ्याचदा मेंढरू असतं, आणि ते धनगरांच्या कळपातून येतं. माझं माहेर भुदरगडातलं. पीक निघाल्यावर वडील शेतात मेंढरं बसवायचे. संध्याकाळी धनगर मामा वाघर लावायचे, म्हणजे जाळ्याचं कुंपण, आणि रात्रभर कळप त्यात बसायचा. सकाळी वाघर पुढच्या तुकड्यात सरकायची. बसून गेलेल्या जागेत पाय ठेवला की जमीन खुरांनी खुंदलेली, लेंड्यांचा थर आणि नाकात झोंबणारा मुताचा वास. आम्हा पोरांना तो आवडायचा नाही. वडील म्हणायचे, पुढच्या भाताला कळेल. मामांना त्याबद्दल धान्य किंवा पैसे मिळायचे. रानातलं गवत खाऊन वाढलेलं जनावर, त्याचं खत शेताला, लोकर घोंगड्याला आणि शेवटी मटण. या साखळीतलं मटण आणि बंदिस्त गोठ्यात खुराकावर वाढवून लांबून ट्रकने आणलेलं मटण यांत मला फरक वाटतो, चवीतही आणि हिशेबातही.

२०१९ च्या अखेरीस मटणाच्या दरावरून कोल्हापुरात आंदोलन झालं. गिऱ्हाइकाचा राग मला समजत होता, मीही विकतच घेते. पण त्या सगळ्या चर्चेत मेंढपाळाला किती मिळतात हे फार कमी लोकांनी विचारलं. हॉटेलात मटण ताट फारच स्वस्त दिसलं तर हा प्रश्न मनात ठेवा.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. पांढरा रस्सा शंभर टक्के इथला असूच शकत नाही. खसखस मध्य प्रदेश-राजस्थानातून नाहीतर परदेशातून येते, नारळ कोकण आणि कर्नाटकातून, वेलदोडे-मिरी दक्षिणेतून. हा माल कित्येक पिढ्या घाट चढून येतो आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. 'शंभर टक्के लोकल पांढरा रस्सा' असं लिहिणारा मात्र एकतर आपला मसाला ओळखत नाही किंवा आपल्याला ओळखत नाही. मी खसखस कमी करून काजू वाढवला आहे, कारण काजू चंदगड-आजऱ्यातून मिळतो. चव थोडी गोडसर होते. काहींना ते आवडत नाही, आणि ते मला स्पष्ट सांगतात.

चटणीचा प्रश्न वेगळा. आपण चटणी म्हणतो ती कांदा-लसूण घातलेली लाल पूड, आणि खानावळीचा जीव तिच्यात असतो. रंगाला ब्याडगी, चवीला जवारी किंवा संकेश्वरी, तिखटाला लवंगी. प्रत्येक घराचं प्रमाण निराळं. जवारी-संकेश्वरी मिरची पूर्वी गडहिंग्लज आणि संकेश्वर पट्ट्यात मुबलक होती, आता तिचं क्षेत्र घटलं आहे, कारण पातळ सालीची ती मिरची वजनाला भरत नाही आणि संकरित मिरची पोती भरभरून निघते. मी दर एप्रिलमध्ये ५० किलो मिरची घेते, गच्चीवर वाळवते, देठ खुडायला पाच बायका चार दिवस बसतात आणि मग डंकावर कुटून आणतो. देठ खुडताना नखात जी आग शिरते ती रात्री भात कालवताना कळते. हॉटेलात विचारा, "चटणी वर्षाची करता की महिन्याला आणता?" वर्षाची करणाऱ्याचे पैसे उन्हाळ्यातच अडकलेले असतात, तो सहसा खोटं बोलत नाही.

आणि कुणी म्हणेल, संकेश्वर तर कर्नाटकात. असू दे. त्याच वाटेवरची निपाणी कोल्हापूरहून चाळीसेक किलोमीटरवर आहे, संकेश्वर तिथून थोडं पुढं. तिथली मिरची मला विदर्भातल्या मिरचीपेक्षा जवळची. स्थानिक म्हणजे राज्याची हद्द नव्हे, जिथला शेतकरी सकाळी निघून दुपारच्या आत माझ्या दारात पोचतो तो पट्टा.

शाकाहारी दोघांची काळजी करू नका, ऑगस्टात त्यांचीच चंगळ आहे. फक्त त्यांना व्हेज कोल्हापुरी नावाची भाजी मागवू देऊ नका. ती इथल्या घरात होत नाही. पनीरही बाजूला ठेवा. या दिवसांत पश्चिमेकडच्या तालुक्यांतून बायका रानभाज्या घेऊन येतात: टाकळा, कुर्डू, भारंगी, घोळ, अळू. लक्ष्मीपुरीच्या रविवारच्या बाजारात सकाळी लवकर गेलात तर पाट्या मांडून बसलेल्या दिसतील. भारंगी कडू असते, पाला उकळून पाणी टाकून द्यावं लागतं आणि कांदा सढळ हाताने घालावा लागतो, ते करणारा हात असला तर तिच्यासारखी भाजी नाही. सोबत नाचणीची भाकरी, वरणा या कडधान्याची आमटी, हिरव्या मिरचीचा खर्डा, म्हशीच्या दुधाचं घट्ट दही. असं ताट मिळेल का हे आदल्या दिवशी फोन करून विचारा. रानभाजी साठवून ठेवता येत नाही, सांगितल्याशिवाय आणायला कुणी धजत नाही.

ऑगस्ट म्हणजे बहुधा श्रावण, हेही पुण्याच्या पाहुण्यांना सांगा. आषाढात त्र्यंबोलीच्या यात्रेला गल्लोगल्ली मटणाची जेवणं होतात आणि श्रावण लागला की निम्मं शहर वशाट बंद करतं. खाटकाकडे उठाव कमी, त्यामुळे काही हॉटेलं या महिन्यात फ्रीजमधलं मटण चालवतात. चांगल्या खानावळी या दिवसांत मटण कमी करतात, काही आठवड्यातले ठरावीक वारच ठेवतात. मीही तसंच करते. कुठल्या वारी ताजं येतं ते विचारून त्या दिवशी जा.

मासे आणि इतर गोष्टी भराभर सांगते. आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांची मासेमारी जून-जुलैत बंद असते, म्हणून त्या दोन महिन्यांत 'आजचा ताजा सुरमई' ही पाटी बहुधा खरी नसते. ऑगस्टात होड्या समुद्रात गेल्या की गगनबावडा आणि आंबा घाटातून मासळी वर यायला लागते. पहिल्या पावसात ओढ्या-नाल्यांतून वर चढणारे, अंड्यांनी भरलेले चढणीचे मासे चवीला अप्रतिम लागतात, हे मी नाकारत नाही. पण एक मादी खाल्ली की पुढच्या वर्षीची रांग संपते. मी ते विकत नाही आणि घरीही करत नाही. पिल्लं पोटाशी घेतलेली खेकड्याची मादी दिसली तर तीही सोडून द्यायची. आणि एखाद्या ढाब्यावर कुणी हळूच कानाशी येऊन ससा, तितर, रानडुक्कर 'स्पेशल' म्हणून देऊ केलं, तर सरळ उठा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे, खाणाऱ्यालाही लागतो.

'चुलीवरचं मटण' या पाटीला मी फार किंमत देत नाही. लाकूड कुठून आणलं, आणि त्या धुरात दिवसभर कोण बसलं आहे, हे कुणी सांगत नाही. माझ्या सासूबाईंची छाती चुलीने गेली. माझ्याकडे गॅस आहे आणि मला त्याचं समाधान आहे.

हे लिहिताना गंगाराम कांबळे आठवतात. त्यांनी इथं चहाचं हॉटेल काढलं तेव्हा त्यांच्या जातीमुळे तिथं कुणी फिरकत नव्हतं, आणि शाहू महाराज स्वतः गाडी थांबवून त्यांच्या हातचा चहा प्यायले. सोबतच्या मानकऱ्यांनाही प्यायला लावला. या शहरात हॉटेल चालवणाऱ्याने आणि हॉटेलात जेवणाऱ्याने आत कोण राबतं याकडे पाहिलंच पाहिजे. भांडी घासणाऱ्या बायकांना सुट्टी मिळते का, त्यांचं जेवण तेच असतं का जे आपल्या ताटात आहे, हे एखाद्या कोपऱ्यातल्या टेबलावरून सहज दिसतं.

गोडाचं म्हणाल तर गूळ. १८९५ साली शाहू महाराजांनी शाहूपुरी वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी, आणि २०१४ साली कोल्हापुरी गुळाला मानांकन मिळालं. पण गिऱ्हाइकाला पिवळाधमक गूळ हवा म्हणून काही गुऱ्हाळांत रंग उजळायला रसायन टाकतात. पूर्वी मळी काढायला रानभेंडीचं चिकट पाणी घालायचे, अजूनही काही जण घालतात, आणि तो गूळ तांबूस-तपकिरी निघतो. पावसाळ्यात तर दमट हवेने कुठलाही गूळ काळपटच पडतो. त्यामुळे ऑगस्टात पुरणपोळी थोडी गडद रंगाची आली तर आनंदाने खा.

जास्तीचे पैसे द्यावेत का, याचं उत्तर एका माणसाच्या गोष्टीतून देते. शिरोळ तालुक्यातले एक अण्णा मला १४ वर्षं वांगी आणि दोडका देतात. मोठी हॉटेलं शेतकऱ्याला महिना-दीड महिना उधारीवर ठेवतात. मी नोकरीत असताना अशीच बिलं अडकवून ठेवायचे, तसा आदेशच होता. अण्णांचा हिशेब मी दर शनिवारी रोख चुकता करते, म्हणून ते यार्डात न जाता माझ्याकडे येतात. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेला पूर आला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, शिरोलीजवळ पुणे-बेंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद होता. बाहेरून गाडी येईना. शहरात भाजी नाही, दूध नाही. लांबच्या मालावर चालणारी हॉटेलं बंद पडली, आणि माझीही अडचण काही वेगळी नव्हती, कारण अण्णांचं शेत पाण्याखाली होतं. तेव्हा जवळच्या मालाची बाजूही किती नाजूक आहे ते कळलं. पश्चिमेकडच्या उंचावरच्या गावांतून जे मिळेल त्यावर, म्हणजे नाचणी, वरणा आणि रताळी, आम्ही दहा दिवस खानावळ चालवली.

पाणी ओसरल्यावर अण्णांच्या रानात गेले. वांग्याची झाडं उभीच होती, पण मुळं कुजलेली, हात लावला की अलगद सुटून यायची. वर गाळाचा थर वाळून भेगाळला होता. ते ज्या दुसऱ्या एका हॉटेलला माल देत होते, त्यांनी तोवर परराज्यातला पुरवठा लावून घेतला आणि मागची बाकीही लांबवली. मी रोपांसाठी पैसे आगाऊ दिले. तीन-साडेतीन महिने आमच्याकडे भरलं वांगं नव्हतं. फळ्यावर तसं लिहिलेलं असायचं, 'वांगी नाहीत, शिरोळला पूर.' नोव्हेंबरच्या अखेरीस अण्णांनी पहिली करंडी आणून ठेवली आणि त्याचे पैसे घेईनात. मी दिले.

ताटामागे जे थोडे जास्त पैसे तुम्ही देता, ते शनिवारच्या या रोख हिशेबात आणि अशा आगाऊ पैशात जात असतील तर द्यावेत. ते झुंबरात, लाकडी फळीवर वाढण्यात आणि छापील पाटीत जात असतील तर देऊ नयेत. कुठं जातात हे मालकाला सरळ विचारता येतं: "शेतकऱ्याला पैसे कधी देता?" बरेच जण या प्रश्नावर चपापतात, काही जण खुर्ची ओढून समोर बसतात.

तुमच्या सहा जणांसाठी मी असं करेन. आदल्या दिवशी फोन करून माणसं किती, शाकाहारी किती ते सांगा आणि रानभाजी कुठली येणार आहे ते विचारा. एक वेळ चौघांना मटणाचं ताट, एक वेळ सगळ्यांनी मिळून शाकाहारी. तिघांचं मटण चौघांत मागवा आणि रस्सा वाढून घ्या, टाकायला काही उरत नाही. बाटलीबंद पाणी नको म्हणा, चांगल्या खानावळीत फिल्टरचं असतं. संध्याकाळी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर न्या. समोर पंढरपुरी म्हशीची धार काढून पेल्यात फेसाळ दूध देतात. ते कच्चं असतं, म्हणून सोबत कुणी गरोदर, लहान मूल किंवा आजारी असेल तर त्यांना तापवलेलंच द्या.

आणि पुण्याहून निघायच्या आधी राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघा. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. पाणी चाळिशीकडे चढत असेल तर पाहुण्यांना दसऱ्यानंतर बोलवा. तेव्हा अण्णांची वांगी सुरू झालेली असतील, आणि आणखी महिनाभर थांबलात तर नवा घनसाळही.